पानगळीतले ठिय्ये : बोरिवलीच्या रानातल्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

ठिय्ये ठरले, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात एका जागी बसून रान बघायच्या जागा. पहिला शिलोंड्याच्या ओहोळाकाठी, मोठ्या उंबरापासून थोडा आत. दुसरा कान्हेरीच्या रस्त्यावरून वर चढणाऱ्या कारवीच्या उतारावर. तिसरा लेण्यांच्या माथ्यावर, कातळात खोदलेल्या पोढ्यांजवळ, म्हणजे पाण्याच्या टाक्यांजवळ. परवानगीचा कागद हातात आहे. वाटाडे दादा इथल्याच पाड्यातले, आणि हिवाळाभर तेच बरोबर येणार आहेत.

पद्धत एकदाच लिहून ठेवते. जोडीनं बसायचं, एकानं बघायचं, दुसऱ्यानं लिहायचं. बसल्यावर पहिली दहा मिनिटं काही टिपायचं नाही. आपण आलो म्हणून गप्प झालेलं रान तेवढ्यात पुन्हा बोलायला लागतं. त्यानंतर पाऊण तास. प्रत्येक नोंदीत वेळ, कोण, दिसलं की नुसतं ऐकू आलं, आणि कुठल्या थरात : जमीन, झुडूप, मधल्या फांद्या की शेंडा. शिवाय एक रकाना नजरेचा. बसल्या जागेवरून सरळ समोर किती पावलांवरचं खोड स्पष्ट दिसतं ते मोजायचं. आज शिलोंड्याला १८ पावलं, कारवीत जेमतेम ११.

चालत का नाही, असं नव्या मुलांनी विचारलं. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर पाय वाजत नाही. नोव्हेंबर लागला की मोई, सावर, पांगारा पिवळे पडायला लागतात, मागोमाग साग सुरू होतो, आणि सागाचं वाळलेलं पान पायाखाली पापडासारखं मोडतं. पानगळ आपल्याला लांबचं दाखवते खरी, पण आपण आल्याची खबरही तितक्याच लांब पोचवते. या दिवसांत चालणाऱ्याला रान पाठमोरंच दिसतं. म्हणून बसायचं.

आणि हे सगळं आत्ताच का, तेही लिहिते. जुलैमध्ये ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन झालं. हा रस्ता उद्यानाच्या पोटातून जाणार आहे. वरच्या रानावर त्याचा परिणाम होतो की नाही यावर पुढे बरीच वर्षं वाद होतील. त्या वादात कुणाला तरी विचारावं लागेल की आधी इथे काय होतं. शंभर चौरस किलोमीटरहून मोठ्या उद्यानात आमचे तीन ठिय्ये म्हणजे काहीच नाही, पण या तीन जागांबद्दल तरी उत्तर लेखी असावं.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पक्षी सप्ताहाचा शेवटचा दिवस. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर पक्षीतज्ज्ञ सालीम अलींचा. या दोन तारखांच्या मधला आठवडा आपलं राज्य पाळतं. सालीम अली १८९६ साली याच मुंबईत जन्मले. मुलांना एवढंच सांगितलं आणि शिलोंड्याला बसलो.

लाल छातीचा माशीमार आला आहे. आधी आवाज आला, कोरडा "टर्रर्र", मग शेपटी वर उडवणारा चिमणीहून लहान पक्षी खालच्या फांदीवर. गळा अजून फिकट, म्हणजे मादी किंवा या वर्षीचं पिल्लू. पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंतच्या रानांत वाढलेला हा जीव बोरिवलीतल्या एका करंजावर माश्या टिपत होता. वजन दहा-बारा ग्रॅमच्या आसपास. मला याचं दर वर्षी तितकंच नवल वाटतं.

हिरवट वटवट्ये तर सगळीकडे. दिसत नाहीत, पण दर मिनिटाला शेंड्यातून "चिस्वी" ऐकू येतं. नोंदवहीत "ऐकलं" या रकान्यात आज सगळ्यात जास्त खुणा त्यांच्याच.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

त्रिपुरी पौर्णिमा, सुट्टी, प्रवेशद्वारापासूनच गर्दी. कान्हेरीच्या वाटेवर एका घोळक्याच्या हातात स्पीकर होता. गाणी लागली तेव्हा आमच्या ठिय्यापासून ते बरेच लांब होते, तरी त्यानंतर जमिनीच्या थरात एकही नोंद नाही. पुढे एक कुटुंब माकडांना बिस्किटं घालत होतं. दादांनी त्यांना हात जोडून थांबवलं. बिस्किटाला सोकावलेलं माकड रस्त्यावर बसतं, गाड्यांखाली येतं, मुलांच्या हातातून हिसकावतं, आणि मग त्यालाच पकडा म्हणून अर्ज जातात. रानात खाऊ नेणं म्हणजे प्रेम, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी भांडायला तयार आहे.

पक्षी नव्हते म्हणून कोळ्याकडे बघत बसलो, आणि आजची सगळ्यात चांगली नोंद तीच. जायंट वुड स्पायडरची मादी, कुड्याच्या दोन झाडांमध्ये जाळं लावून. पाय पसरले तर माझा तळवा व्यापेल एवढी. पाठ काळी, त्यावर पिवळ्या रेघा, सांध्यांजवळही पिवळं. जाळ्यावर ऊन आडवं पडलं तेव्हा धागा खरोखर सोन्याचा दिसला. हा रंग धाग्याचाच असतो, उन्हाचा नव्हे. वरच्या बाजूला तिचा नर, तांबूस, इतका लहान की मुलांनी आधी त्याला तिचं पिल्लूच म्हटलं. आणि कडेकडेनं चंदेरी थेंबाएवढे आणखी काही कोळी. हे दुसऱ्या जातीचे, तिच्या जाळ्यात अडकलेल्या बारीक किड्यांवर गुजराण करतात. एका जाळ्यात तीन प्रकारचे संसार. एक नाकतोडा अडकला तेव्हा ती धावत गेली नाही. आधी पायांनी धागे ताणून पाहिले, एकेक करून, कुठला जड लागतो ते. मग सरळ तिकडेच गेली.

पावसाळा संपल्यावर ही जाळी वाटेवाटेवर असतात. डिसेंबर संपेपर्यंत बहुतेक माद्या अंडी घालून मरतात. दोन्ही कुड्यांना सुतळी बांधून ठेवली आहे, दर खेपेला बघणार.

१७ नोव्हेंबर, रविवार

कारवीचा ठिय्या. दादांच्या आई बरोबर आल्या होत्या. आम्ही सगळेच त्यांना मावशी म्हणतो.

यंदा कारवी फुलली. आठ वर्षांनी एकदा. याआधी २०१६ साली. ऑगस्ट-सप्टेंबरात हा उतार जांभळा-निळा झाला होता आणि लोक रांगा लावून फोटो काढून गेले. आता इथे कुणी येत नाही. फुलं गेली, पानं करपली, माणसाहून उंच काठ्या उभ्या आहेत आणि प्रत्येकीच्या टोकाला चिकट, उग्र वासाची बोंडं. हात लावला की वास दिवसभर जात नाही. एकदा फुलून बी धरलं की झाड मरतं, सगळं रानच्या रान एकदम. बी मात्र लगेच पडत नाही. बोंडं सुकत सुकत पुढच्या पावसापर्यंत तशीच राहतात आणि पाणी लागलं की तडकतात.

मावशी म्हणाल्या, "पहिल्या पावसात ये ताई, तडतड ऐकू येतं. आम्ही लहान होतो तेव्हा ऐकायला म्हणून जायचो."

त्यांचं माहेरचं घर याच काठ्यांचं होतं. काठ्या उभ्या बांधायच्या, दोन्ही बाजूंनी शेणमाती लिंपायची, भिंत तयार. "फुलून वाळलेली कारवी टिकते. हिरवी तोडली तर कीड लागते," असं त्या म्हणाल्या. आता उद्यानात काठी तोडता येत नाही, आणि पाड्यातल्या नव्या भिंती विटांच्या आहेत. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण हात काठी चाचपत होता, कितपत वाळली आहे ते.

प्रकल्पाच्या दृष्टीनं हा उतार यंदा वेगळाच आहे. कारवी एरवीही कोरड्या दिवसांत पानं टाकते, पण पुढच्या पावसात पुन्हा गच्च होते. यंदा ती परतणार नाही. मेलेल्या काठ्यांमधून ऊन थेट जमिनीवर येणार, नवी रोपं उगवून उंच व्हायला वर्षं लागणार. रानडुक्कर, भेकर, ससा यांचा आडोसा तेवढा काळ विरळ राहील. नजरेचा रकाना : १९ पावलं. आठवड्याभरात एवढा फरक.

नोंदी : ठिपकेदार सातभाई तीन, पाचोळ्यातून चालत. भेकर एक, फक्त आवाज, उताराच्या खालच्या अंगाला, ८ वाजून १० मिनिटांनी.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान. ठिय्या नाही. संध्याकाळी गच्चीवरून पोपटांचे थवे उद्यानाकडे परतताना आणि मागोमाग वटवाघळं उद्यानातून शहराकडे निघताना दिसली. दोन्ही वाटा जवळजवळ एकच.

२४ नोव्हेंबर, रविवार

शिलोंडा. उंबर पिकला आहे आणि वानरं वर बसली आहेत. वानर फार सांडलवंड करत खातं. अर्धं फळ चावायचं, उरलेलं टाकायचं, फांदी मोडायची. त्या उष्ट्यावर खाली चितळं जमतात. आज सात होती, त्यात एक शिंगाळू नर. या सोबतीत दोघांचाही फायदा आहे. वानराला उंचावरून लांबचं दिसतं, चितळाला वास आधी येतो, आणि एकाच्या हाकेवर दुसरा सावध होतो.

७ वाजून ४० मिनिटांनी वानराची "खॉक, खॉक" सुरू झाली. मुलांच्या अंगावर काटा आला. सगळ्यांच्या दुर्बिणी ओहोळाच्या पात्राकडे वळल्या.

दादा हळूच म्हणाले, "ताई, खाली नका शोधू. चितळानं मान उचलली का?"

नव्हती उचलली. सातही चितळं निवांत उंबरं वेचत होती. मग वर पाहिलं तर सागाच्या शेंड्याला मोरघार बसलेली, तुरा वाऱ्यावर हलणारा, नजर वानरांच्या पिल्लांवर. धोका होता, पण वरच्या मजल्याचा. ती उडून गेल्यावर दोन-चार मिनिटांत वानरं पुन्हा खायला लागली.

परतताना दादांनी हाकांची ओळख करून दिली, तशीच उतरवून घेते. वानर लवकर घाबरतं, त्याच्या एकट्याच्या ओरडण्यावर धावू नये. चितळाची तीक्ष्ण "कुक" आली तर जमिनीवर काहीतरी आहे, पण चितळ कुत्र्यालाही ओरडतं. भेकर भुंकत राहतं, कधी बराच वेळ, कारण नीट कळत नाही. आणि सांबराची "पोंक" आली, पाय आपटल्याचा आवाज आला, तर उठायचं नाही, हलायचं नाही. "सांबर उगाच बोलत नाही," हे त्यांचं वाक्य. नोंदपत्रात आता "हाक कुणाची" याच्याबरोबर "बाकीच्यांनी काय केलं" असाही रकाना घातला. माझ्या मते पत्रातला सगळ्यात कामाचा रकाना हाच ठरणार आहे.

१ डिसेंबर, रविवार

मिश्र थवा, आणि तोही संपूर्ण, डोळ्यांसमोरून.

बसल्यावर वीस मिनिटं काहीच नव्हतं. हिवाळ्यात इथे असंच होतं. अर्धं रान रिकामं वाटतं, कारण पक्षी विखुरलेले नसतात, एकत्र फिरत असतात. मग वरच्या अंगानं भृंगराजाची शीळ आली. त्याच्या शेपटीच्या दोन लांब तारा, टोकाला पानं, आता विरळ झालेल्या फांद्यांतून स्पष्ट दिसल्या. त्याच्यामागून सगळी वरात. शेंड्याला छोटे निखार, नर पेटल्यासारखे केशरी. मधल्या फांद्यांत सुभग, पर्णपक्षी, वटवट्ये. खोडावर हृदयाच्या आकाराचे काळे ठिपके असलेला तो इवला सुतार पक्षी, शेपूट अगदी आखूड. खाली झुडपात निळा माशीमार. सगळे एकाच दिशेनं, पण प्रत्येकजण आपापल्या थरात.

थवा का करतात ते बघता बघताच कळत होतं. एकानं पान हलवलं की किडा उडतो आणि दुसरा टिपतो. भृंगराज तर यातला मोठा वसूलदार; इतरांनी उडवलेले किडे हवेतच पकडतो. पण पहारासुद्धा तोच करतो. ८ वाजून ३५ मिनिटांनी शिक्रा आडवा गेला तेव्हा पहिली ओरड त्याची होती आणि पुढच्या क्षणाला एकही पंख हलत नव्हता. हा पक्षी दुसऱ्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करतो. आज त्यानं शिक्र्याचा आवाज काढला, शिक्रा निघून गेल्यानंतर. कशासाठी, ते मी लिहीत नाही. फक्त वेळ लिहिली : ८ वाजून ४१.

थव्याच्या सगळ्यात खाली, थोडा मागे, रान धोबी. याच्यासाठी मी दर हिवाळ्यात थांबलेली असते. बाकीचे धोबी शेपूट वर-खाली आपटतात, हा आडवी हलवतो, आणि शेपटीबरोबर सगळं मागचं अंग डावीकडे-उजवीकडे झुलतं. छातीवर दोन काळे पट्टे, पंखांवर काळे-पिवळसर पट्टे. पाचोळ्यात उभा राहिला की नाहीसा होतो, चालला की दिसतो. पूर्व आशियातल्या रानांतून येतो तो. पाच मिनिटं आमच्यासमोर चालला, एका पानाखाली चोच घालून पांढुरकी अळी ओढली, दोनदा आपटली, गिळली.

नजरेचा रकाना : २३ पावलं. दोन आठवड्यांपूर्वी हाच थवा गेला असता तर "ऐकलं" मध्ये गेला असता.

७ डिसेंबर, शनिवार

कान्हेरीचा माथा. शंभराहून जास्त लेणी आहेत इथे, आणि जवळपास प्रत्येकीला पाण्याची पोढी. कातळावरून उतरणारं पावसाचं पाणी चरांमधून वळवून साठवायची ही व्यवस्था भिक्षूंनी केली, दीड-दोन हजार वर्षांपूर्वी, आणि काही पोढ्या अजून पाणी धरून आहेत. ओहोळ आटत चालले की रानातले पक्षी इथे येतात. आज दोन पोढ्यांवर बुलबुल, राखी कोतवाल, आणि उघड्या कातळावर एकटा बसलेला निळा कस्तुर. त्याच्या जागा ठरलेल्या असतात. मागच्या हिवाळ्यात याच दगडावर विष्ठेचे पांढरे ओघळ होते, आजही तिथेच.

दहाच्या सुमाराला कातळ तापला आणि सर्पगरुड वर चढला, तिहेरी शीळ घालत. खाली एकीकडे विहार तलावाचं पाणी, पलीकडे इमारती. विहार १८६० चा, शेजारचा तुळशी तलाव १८७९ चा. शहराला पाणी हवं म्हणून हे डोंगर राखले गेले आणि त्या निमित्तानं रान वाचलं. ही गोष्ट मुंबईकरांना शाळेत शिकवायला हवी असं मला फार वाटतं.

उतरताना कोळ्याच्या दोन कुड्यांपाशी थांबलो. जाळं फाटलेलं, मादी नाही. चंदेरी कोळीही गेले.

१० डिसेंबर, मंगळवार

पहाटे चांगला गारठा. शिलोंडा, मी आणि दादा दोघंच.

७ वाजून ४८ मिनिटांनी सांबराची पहिली "पोंक", ओहोळाच्या पलीकडून. मग दुसरी. चितळांच्या माना एकदम वर, सगळी तोंडं एकाच दिशेला. वानरं ओरडायला लागली ती त्यानंतर.

बिबट्या पात्रातल्या दगडांवरून आडवा गेला. मादी असावी, अंगानं सडपातळ. दबकत नव्हती. सगळ्यांनी पाहिलं आहे हे तिला कळलेलं होतं. शेपटी वर वळवलेली, आतली पांढरी बाजू दिसत होती. आता शिकार होणार नाही हे चितळांनाही कळलेलं असावं, कारण ती पळाली नाहीत, जागच्या जागी पाय आपटत तिच्याकडे तोंड करून उभी राहिली. मधल्या दगडावर ती थांबली, पाणी हुंगलं, प्यायली नाही. मग करंजाच्या झुडपात गेली. पाचोळा भरपूर होता आणि तिच्या पायांचा आवाज आला नाही. आम्ही त्या पाचोळ्यातून दोन पावलं टाकली असती तर सगळ्या शिलोंड्यानं ऐकलं असतं.

सांबर त्यानंतरही नऊ मिनिटं ओरडत होतं, आवाज हळूहळू उत्तरेला सरकत. ती कुठे चालली आहे ते त्यावरून कळत होतं.

ठिपक्यांचा फोटो मिळाला नाही. एका बाजूचा मिळाला असता तरी पुरला नसता. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरची नक्षी वेगळी असते आणि डाव्या-उजव्या कुशीचीही वेगळी, म्हणून जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरा ट्रॅप समोरासमोर दोन लावतात. २०१५ साली अशाच गणनेत उद्यान आणि लगतचा भाग मिळून ३५ बिबटे ओळखले गेले. शहराच्या कडेला कचरा वाढला की भटकी कुत्री वाढतात आणि त्यांच्या मागे बिबट्या वस्तीकडे येतो, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पाड्यांत वाघोबाला नारळ फोडणारी माणसं त्याच्याबरोबर पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. कडेच्या नव्या इमारतींनी निदान कचरा तरी झाकून ठेवावा.

१४ डिसेंबर, शनिवार

दत्तजयंती. सकाळी कारवीच्या उतारावर छोटा ठिय्या, दुपारी नोंदपत्रं जुळवली.

उतारावर आंब्याच्या बांडगुळाला फुलं आली आहेत. फुलटोच्या कळ्या चोचीनं दाबून उघडत होता. दाबल्याशिवाय ती कळी उमलत नाही. हाच पक्षी पुढे याची फळं खाणार, आणि चिकट बी चोचीला नाहीतर शेपटीखाली अडकलं की फांदीवर घासून टाकणार. तिथे नवं बांडगूळ. झाडाच्या मालकाला हे आवडत नाही, पण इथे मालक कुणी नाही.

नजरेचा रकाना आता शिलोंड्याला २९, कारवीत ४०. शिलोंड्याला झुडूप आणि मधल्या थरातल्या नोंदी आठवड्यागणिक "ऐकलं" मधून "दिसलं" मध्ये सरकल्या आहेत. कारवीत उलट : दिसतं भरपूर, पण भेकराचा आवाज नोव्हेंबरनंतर तिथे एकदाही नाही आणि रानडुकरांची उकरणही नाही. आडोसा गेला म्हणून ती हलली असतील तर शिलोंड्याला त्यांच्या नोंदी वाढायला हव्यात. अजून वाढलेल्या नाहीत. उतारापलीकडच्या नाल्यात चौथा ठिय्या हवा, त्याची परवानगी मागायची आहे.

जानेवारीत पांगारा आणि कांडोळ फुलायला लागतील, मागोमाग सावर. पक्षी शेंड्यांना जातील, म्हणून शेंड्याच्या रकान्याचे दोन भाग करायचे : फुलावर आणि पानांत. हाकांचा रकाना तसाच ठेवायचा. नवी पत्रं छापून आणायचं काम मुलांकडे, चौथ्या ठिय्याचा अर्ज माझ्याकडे. पुढचा ठिय्या रविवार, ५ जानेवारी, शिलोंडा.